पिवळ्या वाटेवरचा मुकदमा

काल रात्री ‘द विझ’ पुन्हा पाहिला, आणि 1978 सालच्या या संगीतपटावर प्रेक्षकांनी गुदरलेल्या फिर्यादी एकेक करून आठवू लागल्या. 1939 सालच्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधील ज्यूडी गार्लंडची कोवळी डोरोथी ज्यांच्या बाल्यस्मृतीत चिरप्रतिष्ठित झाली होती, त्यांना तिशी ओलांडलेल्या डायना रॉसने हार्लेममधील 24 वर्षांची शिक्षिका होऊन त्याच वाटेने निघावे, हे अक्षम्य अतिक्रमणच वाटले, आणि दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा कॅमेरा नृत्यापासून फार दूर उभा राहतो, ही तक्रार तर मलाही मंजूर आहे. (तटस्थता न्यायाधीशाला शोभते, नृत्य टिपणाऱ्याला नव्हे.) परंतु मूळ कथेतल्या कॅन्ससच्या शेतात ज्यांना आपले घर कधी दिसलेच नाही, अशा कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, जुळ्या मनोऱ्यांच्या प्रांगणात वसवलेल्या पाचूनगरीत आणि बुजगावणे झालेल्या मायकल जॅक्सनमध्ये ती परीकथा प्रथमच स्वतःच्या मालकीची वाटली, याची नोंद कोणत्या रकान्यात करावी? तिकीटबारीने निकाल विरुद्ध दिला, हे खरे. तरीही पडद्यावर लीना हॉर्न गाऊ लागली, तेव्हा माझ्या हातातला चहा केव्हा निवला ते कळले नाही, तसाच प्यालो.