वीस सेकंदांचा वाद

सन 2022 च्या नोव्हेंबरांत श्री. ईलॉन मस्क यांनीं एक जाहीर दिलगिरी प्रसिद्ध केली. आदल्याच महिन्यांत 44 अब्ज डॉलर मोजून त्यांनीं ट्विटर विकत घेतलें होतें. (2023 पासून त्याचें नांव एक्स आहे, बारशाला आम्हांला कोणीं विचारलें नाहीं.) अनेक देशांत ट्विटर फार मंद चालतें याबद्दल ती दिलगिरी होती, आणि कारणहि तेथेंच दिलेलें होतें : पहिलें पान दाखविण्यासाठीं ॲप हजारांहून अधिक 'आर. पी. सी.' करतें. संगणकशास्त्राशीं माझा संबंध चिरंजीवांच्या नोकरीपुरताच. परंतु वादशास्त्राशीं तो जन्माचा आहे. त्यामुळें पुढील प्रकरण मीं मोठ्या आवडीनें वाचलें.

आर. पी. सी. म्हणजे एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राला सांगितलेलें काम. खाणावळींत आपण एक थाळी मागतों. आंत मात्र आचारी, वाढपी आणि कोठीवाला यांच्यांत शंभर निरोप फिरतात. ट्विटरच्या अँड्रॉइड ॲपवर सहा वर्षें राबलेल्या एका अभियंत्यानें जाहीरपणेंच उत्तर दिलें, कीं हें विधान चूक आहे. ॲप असे आर. पी. सी. मुळींच करीत नाहीं. मालकांनीं विचारलें, मग बरोबर आंकडा कोणता ? आणि मंदपणा घालविण्यासाठीं तुम्हीं काय केलें ? अभियंत्यानें मंदपणा नाकारला नाहीं. क्वचित् वापरल्या जाणाऱ्या सोयींचा बोजा, वर्षानुवर्षें तुंबलेली डागडुजी, आणि जाळ्यावरून उत्तर येण्याची वाट पाहण्यांत जाणारा वेळ, अशीं तीन कारणें त्यानें दिलीं. त्याला काढून टाकल्याचें मालकांनीं दोन शब्दांत जाहीर केलें.

मालकांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें नाहीं. बाराशें हा आंकडा आपल्याला कंपनींतल्याच अनेक अभियंत्यांनीं सांगितला. पान ताजें व्हावयास अमेरिकेंत 2 सेकंद लागतात, तर भारतांत 20, असेंहि त्यांनीं लिहिलें. ते वीस सेकंद आमचे, म्हणून मीं हिशेब कागदावर मांडला. मुंबईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यावयास निरोपाला सुमारें पाव सेकंद लागतो. बाराशें निरोप फोनपासून एकामागून एक गेले असते तर पांच मिनिटें लागलीं असतीं ! आणि ते आंत स्वयंपाकघरांतच फिरत असतील, तर अमेरिकन व भारतीय गिऱ्हाइकाला ते सारखेच खोळंबवितील. मग अठरा सेकंदांचा फरक आला कोठून? मालक स्वयंपाकघर मोजीत होते आणि अभियंता पंगत, असा माझा समज झाला. दोघे एका टेबलाशीं बसते, तर अर्ध्या तासांत उलगडा झाला असता.

मालकांना नांवें ठेवणें सोपें आहे. मलाहि तें साधलें असतें. परंतु मंदपणाबद्दलचा त्यांचा तो प्रश्न वाचतांना मी थबकलों. बारा वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत उभें राहून सांगितलें, कीं फळ्यावर मीं लिहिलेलें एका काव्यसंग्रहाचें साल चुकलें आहे. "आपण या विषयांत काय दिवे लावले आहेत, रावसाहेब ?" असें मीं त्याला विचारलें. वर्ग हंसला. तो खालीं बसला, आणि त्या सत्रांत पुन्हां कधीं बोलला नाहीं.

घरीं जाऊन मीं साल ताडून पाहिलें. त्याचेंच बरोबर होतें. दुसऱ्या दिवशीं फळा स्वच्छ पुसलेला होता, आणि मीं पुढची कविता काढली.