माझ्या दाराला न बसणारं कुलूप

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात मी वकिली करते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यामुळे लोकांची बँक खाती, कर्जं, आजारपणं सगळं माझ्या संगणकावर असतं. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ न देणं, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132नुसार माझं कर्तव्य आहे. त्याच काळजीपोटी मी विंडोज सोडून लिनक्स मिंट घेतलं, आणि त्याच काळजीपोटी गोपनीयता जपणाऱ्या एका क्लाउड सेवेचे वर्षाचे पैसे भरले.

सेवेमागचा विचार मला मनापासून पटला होता. फाइल आपल्याच संगणकावर कुलूपबंद होते, किल्ली आपल्याकडेच राहते. खुद्द कंपनीलाही आतलं वाचता येत नाही. पैसे भरून डाउनलोडचं पान उघडलं. विंडोज होतं, मॅक होतं, दोन्ही प्रकारचे फोन होते. लिनक्स नव्हतं. विचारलं, तर तूर्त ब्राउझर वापरा, असं उत्तर आलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

ब्राउझरमध्ये फोल्डर आपोआप जुळत नाही. मसुद्यात एक ओळ बदलली, तरी फाइल पुन्हा हाताने चढवायची. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी प्रतिज्ञापत्रातलं घरभाडं दुरुस्त केलं आणि चढवायचं राहिलं. सकाळी कोर्टाजवळच्या दुकानात फोनवरून प्रिंट काढली, ती जुनीच निघाली. सही करण्याआधी अशील बाईंनी ओळीवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, भाडं वाढलंय ना आता?" दुरुस्त मसुदा घरच्या लॅपटॉपवर होता. तेवढ्यात दावा पुकारला गेला आणि आम्हाला तारीख मागावी लागली. त्या बाई दिवसाचा पगार बुडवून आल्या होत्या. पोटगीची वाट आणखी लांबली.

फाइल चढवायची राहिली ही चूक माझी होती, पण हाताने चढवण्याची सवय त्या सेवेने माझ्यावर लादली होती. साध्या क्लाउडला आरक्लोनसारखं मुक्त साधन सहज जोडता येतं. इथे कुलूप लावण्याची रीत कंपनीची स्वतःची. ती तिने खुली केल्याशिवाय बाहेरच्या साधनाला फाइल उघडताच येत नाही. शिवाय ब्राउझरमध्ये कुलूप लावणारा कोड दर वेळी सर्व्हरवरूनच येतो. बसवलेला प्रोग्राम निदान तपासून, तोच पुन्हा वापरता येतो. म्हणजे सर्वांत जास्त काळजी घेणाऱ्यांच्या वाट्याला सर्व्हरवर सर्वांत जास्त भरवसा ठेवायला लावणारी वाट येते. विंडोजकडे परत जा, असं मला सुचवलं जातं. जे सोडलं तेच पुन्हा घ्यायचं असेल, तर ही गोपनीयता मी विकत कशाला घेतली?

आता ती सेवा सोडून मी क्रिप्टोमेटरने फाइल आधी कुलूपबंद करते आणि सिंकथिंगने घरचा आणि ऑफिसचा संगणक जुळवते. दोन्ही साधनं मुक्त आहेत, दोन्ही लिनक्सवर चालतात. मात्र घर आणि ऑफिस दोन्हीकडे पाणी शिरलं तर तिसरी प्रत कुठेच नाही, ही धास्ती राहते. त्या सेवेकडे मी देखणं ॲप मागत नाही. टर्मिनलवर चालणारा साधा प्रोग्राम द्या, नाहीतर कुलपाची रीत जाहीर करा. बाकीचं लिनक्सवाले उभं करतील. तसं झालं, तर त्याच दिवशी मी पुन्हा पैसे भरेन.