कातणे

आमच्या घरी दिवाळीत करंजी फुटली की दोष तळणाऱ्याचा, असा अलिखित कायदा आहे. कातणे फिरवणारा नेहमी नामानिराळा! या कायद्याची मला हल्ली थोडी लाज वाटते, आणि त्याचे कारण स्वयंपाकघरात नसून सातपूरला आहे.

नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. तांबट भांड्याला डाग देताना टाकणखार लावतो, ते पाहतच मी लहानाचा मोठा झालो. पुढे सातपूरच्या एका कारखान्यात मोटारींच्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरांवर देखरेख करू लागलो. काम म्हटले तर तेच. फक्त शेकडो सांधे एकाच वेळी भट्टीत जोडायचे. पत्र्यावर सिलिकन मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो ५७७ अंशांना वितळू लागतो. आतला पत्रा ६४० च्या पुढे. म्हणून भट्टी ६०० च्या आसपास. एवढ्या अरुंद बोळातून रोजचा संसार!

पण खरा वैरी निराळाच. अॅल्युमिनियमवर हवेने एक अदृश्य साय धरते. ती २००० अंशांनाही वितळत नाही. कल्हईवाला नवसागर टाकी, तशी आम्ही फ्लक्सची पूड लावायचो आणि भट्टीत नायट्रोजन सोडायचो. तोही इतका कोरडा, की उणे ४० अंशांपर्यंत निववला तरी त्यात दव धरू नये.

२००६ च्या पावसाळ्यात आमचे रेडिएटर गळू लागले. टाकीत बुडवून हवा भरली की सांध्यांतून बुडबुडे. भट्टीवर पेठकडचा एक अबोल मुलगा होता. मी नोंदवहीत लिहिले : ‘भट्टीचालकाचा हलगर्जीपणा.’ आठवड्याने पुन्हा तेच लिहिले. मग आच पाच अंशांनी वाढवली, तर वितळलेल्या थराने पातळ पत्राच खाल्ला. फ्लक्स वाढवला. बुडबुडे काही थांबेनात.

एके सकाळी तो मुलगा शाळेची जुनी वही घेऊन आला. मागच्या पानांवर पेन्सिलीच्या रेघा होत्या.

‘‘साहेब, गळके नग सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतच जास्त निघतात. दुपारनंतर कमी होतात.’’

मी रेघा मोजल्या. खरेच होते. सुट्टीत भट्टी निवायची, पावसाळी हवा आत शिरायची आणि आतले सगळे अस्तर ओल पिऊन बसायचे. भट्टी पुन्हा तापली की तीच ओल वाफ होऊन बाहेर पडे, साय जाड होई, आणि वितळलेला थर सांध्यात शिरतच नसे. सुट्टीत नायट्रोजन बंद ठेवण्याचा हुकूम कोणाचा? माझाच. काटकसरीबद्दल वरून शाबासकीही मिळाली होती.

सुट्टीत थोडा नायट्रोजन चालू ठेवला. सुट्टीनंतर भट्टी काही तास रिकामीच तापवू लागलो. गळती थांबली. अहवालात मी लिहिले, ‘उपाय योजला.’ वहीचा उल्लेख केला नाही. नोंदवहीतली ती दोन वाक्येही खोडली नाहीत. शाईने लिहिलेले खोडायचे नसते, असा नियम होता ना! नियम किती सोयीचे असतात!

दिवाळीआधीच त्या मुलाने अंबडला दुसरी नोकरी धरली. जाताना मला पेढा देऊन गेला.

परवा आमच्याकडे करंज्या चालल्या होत्या. कढईत एक फुटली, सारण तेलभर पसरले. सगळे सूनबाईंकडे पाहून हसले. काठाला दुधाचे बोट लावायचे राहिले होते. कातणे माझ्याच हातात होते.

‘‘सूनबाई, ती माझी,’’ मी म्हणालो.