पिल्लू मागताना

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात म्हैस हवी असेल तर घोडेगावचा बाजार आहे, बैल हवा असेल तर काष्टीचा. कुत्र्याला मात्र बाजार नाही. शहरात म्हणे संस्था असतात; अर्ज भरला की कुत्रे घरी नेता येते. आमच्या अकोले तालुक्यातल्या वस्तीवर अर्ज कसला आणि संस्था कसली! इथे कुत्रे 'सांगून ठेवायचे' असते.

गेल्या वर्षी वडील गेले आणि मळ्यातल्या घरात आई एकटी उरली. गावात यायला ती काही केल्या तयार होईना. तेव्हा मी सांगून ठेवले. डेअरीवर दूध घालणाऱ्यांना सांगितले, एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्याला सांगितले आणि ज्यांच्याइतकी पक्की बातमी कोणाकडेच नसते, त्या माझ्या वर्गातल्या पोरांना सांगितले. आठवड्यात सात पिल्लांची वर्दी आली. त्यांतले एक होते शेतात मेंढ्या बसवायला आलेल्या धनगराच्या वाड्यावरचे.

धनगराच्या बायकोने आधी माझीच परीक्षा घेतली. "घरात माणसं किती? भाकरी कोन टाकनार? रातचं कुठं ठिवनार?" मी खिशात हात घातला, तशी ती म्हणाली, "पैकं नगं, मास्तर. कुत्रं इकत न्हाई आमी. अजून आईला पितंय त्ये. महिन्यानं या. वाडा म्होरल्या गावाला आसंल, तितं या."

'रातचं कुठं?' हा प्रश्न मात्र मनात रुतून बसला. आमच्या खोऱ्यात उसात बिबट्या राहतो. तो काय खातो, हे संशोधकांनी त्याची विष्ठा तपासून पाहिले. 2014 साली निष्कर्ष जाहीर झाला: वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारात सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा! शेळ्या संख्येने कितीतरी अधिक, तरी त्यांचा वाटा कमी. शेळी रात्री कोंडलेली असते. कुत्रे अंगणात मोकळे. आईच्या राखणीसाठी एक जीव आणायचा आणि तो बिबट्याच्या तोंडी द्यायचा, हे काही मनाला पटेना.

आईने तो पेच क्षणात सोडवला. "शेळी आत निजते ना? मग त्यानं काय पाप केलंय?"

महिन्याने मी वाडा शोधीत पुढच्या गावी गेलो आणि पिल्लू घेऊन आलो. तीन महिन्यांचे झाल्यावर जनावरांच्या दवाखान्यात त्याला पिसाळरोगाची लस टोचली. आता रात्री ते आईच्या खाटेखाली निजते. बाहेर पाचोळा वाजला तरी भुंकते. आई उठून कडी पाहते आणि त्यालाच दटावते. पूर्वी फोनवर ती "बरी आहे" एवढेच म्हणे. आता त्याच्या खोड्या सांगता सांगता माझी शाळेची वेळ होते.

नेपाळात दिवाळीच्या दिवसांत कुत्र्याला टिळा लावून हार घालतात, हे मी तिला परवा सांगितले. ती म्हणाली, "हार कशाला? तो तर फाडून टाकील. वसुबारसेला भाकरीला तूप लावून देईन."