पिठाच्या डब्यामागची वही

हिशेब जुळवणाऱ्या कारकुनाला कथा-कादंबऱ्यांचा नाद कशाला, असं ऑफिसात म्हणतात. पण नांदेडहून लोह्याला परतताना एसटीत तासभर मिळतो, तो मी वाचनाला देतो. प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' (१९७९) असंच वाचलं. उदगीरकडची ती आपली बोली, ती भूक. डोळे भरून आले. विहारातल्या सभेत त्यावर बोललोही.

मग बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) आणलं. ते सौ.नं माझ्याआधी संपवलं. फलटणला दुकानात बसून रद्दीतले कागद वाचणाऱ्या या बाईनं आपलं लिखाण कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवलं होतं. सासुरवाशिणींचे हाल त्यांनी आपल्याच वस्तीतले सांगितले, झाकले नाहीत. 'बलुतं' वाचताना मला गावाचा राग आला होता. इथं आई आठवली, आणि वडलांचा हात.

मागच्या महिन्यात पिठाच्या डब्यामागं एक वही सापडली. अक्षर सौ.चं. माहेरचं, पहिल्या बाळंतपणाचं, आणि एका रात्री मी ताट भिरकावलं त्याचंही. स्त्रीमुक्तीवर भाषणं देणारा मी! विचारलं, "लपवली कशाला?"

"अहो, तुम्ही दुरुस्त करत बसला असता."

ताटाचं खरंच होतं. ते मी कबूल केलं, वही होती तिथं ठेवली. परवा नांदेडहून दोनशेपानी नवी वही आणली. ती म्हणाली, "राहू द्या. आधी ही तर भरू द्या."