श्लोकाची वेळ

घरात कुणी गेलं की भेटायला येणाऱ्यांत एक जण तरी गीता घेऊन येतो. पुस्तक नव्हे, श्लोक. दुसऱ्या अध्यायातला सत्ताविसावा, जन्मलेल्याला मरण ठरलेलंच आहे असं सांगणारा. तो बरेचदा पहिल्या तीन दिवसांतच म्हटला जातो.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा सव्विसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. (तिला विचारूनच हे लिहिते आहे.) तिसऱ्या दिवशी नात्यातले एक गृहस्थ आले. माणूस भला, धावून येणारा. त्यांनी तिच्यासमोर बसून हाच श्लोक अर्थासकट सांगितला. तिने मान वर केली आणि विचारलं, "तुमचा मुलगा हल्ली कुठे असतो?" ते म्हणाले, "पुण्याला." ती पुढे काहीच बोलली नाही. नंतर बरेच महिने देवघरातल्या पोथ्यांना तिने हात लावला नाही.

शेजारच्या बाया मात्र पहिल्या दिवशी पिठलं-भात घेऊन आल्या, वाढून बसून राहिल्या. एकीनेही तोंडातून शब्द काढला नाही.

मंडळी, श्लोक खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो गीतेत कुठे येतो ते पाहा. पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत आणि त्यात कृष्ण एकच वाक्य बोलतो, की हे जमलेले कौरव बघ. बाकी अर्जुन बोलतो, थरथरतो, धनुष्य टाकून खाली बसतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण दोन श्लोक त्याला रागावतो. उपयोग होत नाही! सातव्या श्लोकात अर्जुन स्वतःच म्हणतो की मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. खरा उपदेश अकराव्यापासून सुरू होतो. दोन्ही सैन्यं शंख फुंकून समोरासमोर उभी आहेत, आणि तरी सांगणारा ऐकणाऱ्याने विचारीपर्यंत थांबला आहे. अठराव्या अध्यायात तर त्याने पथ्यच घालून दिलंय, ज्याला ऐकायचं नाही त्याला हे सांगू नकोस. हा श्लोक सांत्वनाला जाताना कुणाला आठवत नाही.

मी जन्मभर मास्तरकी केली. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला व्याकरण घेऊ नये एवढं तरी त्यातून शिकले. पोरांचं लक्ष डब्यात असतं. असो.

दीड वर्षानंतर, चातुर्मासात, जाऊ एका संध्याकाळी आपणहून म्हणाली, "ताई, त्या दिवशी ते काय सांगत होते, ते सगळं काय आहे हो?" मी गीताई काढली. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नसे, तिच्यासाठी म्हणून त्यांच्या मनात ती होती. पण आई १९१८ मध्येच गेली आणि गीताई लिहून झाली १९३०-३१ मध्ये. हे मी जावेला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे उशीर झालाच."

दुसऱ्या अध्यायाला सुरुवात केली, रोज दोन श्लोक. ती वाचायची, अडलं की मी अर्थ सांगायची. सत्ताविसावा कधी येणार हे मला ठाऊक होतं, पण मी तो गाळला नाही आणि आधी काही बोललेही नाही. त्या संध्याकाळी तिने तो वाचला, पुस्तक मिटलं आणि उठून चहा टाकायला गेली. पुढचे चार दिवस वाचन नाही. मीही विषय काढला नाही.

पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "ताई, हे सगळं ऐकल्यावर अर्जुन मग कधी रडलाच नाही का?"

मी म्हटलं, "रडला की. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू गेला, तेव्हा गीता ऐकून दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. संध्याकाळी छावणीत परतल्यावर पोर पुढे आलं नाही, तेव्हा खूप रडला तो."

"आणि कृष्ण काय म्हणाला?"

"शूरांची हीच वाट असते, असं काहीतरी म्हणाला. अठरा अध्याय पुन्हा नाही सांगितले."

ती थोडा वेळ मेथीची पानं खुडत राहिली.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी अठ्ठाविसावा घेऊ."