डावं-उजवं

गेमिंग माउस घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार आधी बजेट विचारतो. मग वायरवाला की वायरलेस. मग लायटिंग पाहिजे का. कोणत्या हाताने खेळणार, हे कुणी विचारलेलं माझ्या तरी कानावर नाही. त्याचंही काही चुकत नाही म्हणा. दहा माणसांत डावखुरा एखादाच, आणि त्या एखाद्यांतलेही पुष्कळसे माझ्यासारखे निमूट: लिहायला डावा, बॅट धरायला डावा, माउस मात्र उजवा. कंप्युटरच्या क्लासात माउस उजवीकडे ठेवलेला असायचा, त्याची वायर तिथपर्यंतच पुरायची आणि जागची वस्तू हलवली की सर ओरडायचे. तिथे मी उजवा झालो. त्याचं मला फारसं दुःखही नाही. माउस उजव्या हातात आणि पेन डाव्या हातात, अशी दोन्हींची सोय झाली. फोनवर कुणी नंबर सांगू लागला की ऑफिसातले लोक माउस सोडून पेन शोधतात, तेव्हा मी लिहून मोकळा झालेला असतो.

माझी भाची या वाटेने गेली नाही. तीर्थप्रसादाला उजवा हात पुढे करायचा, एवढं तिने आजीचं ऐकलं. पण कंप्युटरवर आजीचं राज्य नाही. शाळकरी वयातच तिने माउस उचलून कीबोर्डच्या डाव्या अंगाला ठेवला आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या दोन्ही बटणांची अदलाबदल करून टाकली, म्हणजे तर्जनीखाली येईल ते मुख्य बटण. घरात कंप्युटर एकच. तिच्यानंतर वीजबिल भरायला बसलेले तिचे बाबा क्लिक करतात आणि दर वेळी भलताच मेन्यू उघडतो. "हे मशीन बिघडलंय," असं ते कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते.

ती व्हॅलोरंट खेळते. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. एकदा मेलं की त्या फेरीपुरता खेळ संपला. तिचा जुना माउस एका क्लिकला दोन क्लिक मोजू लागला होता. हा माउसचा म्हातारपणचा ठरलेला आजार. बटणाच्या पोटात धातूची एक बारीक ताणलेली पट्टी असते. दाबली की ती टचकन खाली बसते, पण बसताना क्षणभर थरथरते. ते थरथरणं मोजायचं नाही, एवढी समज माउसच्या सर्किटला दिलेली असते. पट्टीचा ताण गेला किंवा टोकावर गंज धरला की थरथर लांबते आणि सर्किटला वाटतं, दोनदा दाबलं. खोक्यावर दोन कोटी, पाच कोटी क्लिकांचं आश्वासन छापलेलं असतं. प्रकाशाची तिरीप अडवून चालणारी बटणंही आता निघाली आहेत. त्यांत धातूला धातू टेकायचा प्रश्नच नाही, म्हणून हा आजारही नाही. पण तिच्याकडचा जुन्या पद्धतीचा. जिथे एकच नेमकी गोळी झाडायची तिथे दोन सुटायच्या, आणि आधी न दिसलेली ही पोरगी कुठे लपली आहे ते समोरच्याला कळायचं. "मामा, शनिवारी तू मोकळा आहेस ना?" असा फोन आला.

शनिवारी नवा माउस घ्यायला आम्ही दोघं ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आणि लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. रस्त्यावर हातगाड्या, फुटपाथवर केबलींची भेंडोळी, आणि आत हातभर रुंदीच्या दुकानांत छतापर्यंत खोकी. माउसच्या खोक्यांवर आकडे मोठे आणि माउस लहान. छब्बीस हजार डीपीआय, दुकानदार अभिमानाने म्हणाला.

त्या आकड्याचा हिशेब असा. माउस इंचभर सरकला की तो किती पावलं मोजतो, तो हा डीपीआय. पडद्याची रुंदी नेहमीची 1920 ठिपक्यांची धरली आणि एका पावलाला एक ठिपका, तर 26,000 वर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हात दोन मिलिमीटरसुद्धा हलवावा लागत नाही. श्वास घेतला तरी बाण पडद्याबाहेर. भाची 800 वर खेळते, म्हणजे तेवढ्याच अंतराला सहा सेंटिमीटर. आणि स्पर्धांत उतरणारे बरेचसे खेळाडू याच्याच आसपास असतात, कुणी 400 वर, कुणी 1600 वर. मनगटाने नव्हे, कोपरापासून अख्खा हात फिरवून ते नेम धरतात. उरलेले चोवीस-पंचवीस हजार खोक्यावर छापण्यासाठीच.

आकड्याला हसलो तरी त्यामागच्या करामतीला मात्र हसवत नाही. माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो, तो खालच्या कापडाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि मागच्या-पुढच्या फोटोतला फरक ताडून आपण किती सरकलो ते ओळखतो. 1999 साली मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउस एक्सप्लोररने हे घरोघरी आणलं. त्याआधीचा गोळीवाला माउस ज्याने वापरला आहे, त्याला तो उलटा करून, झाकण फिरवून ती रबरी गोळी तळहातावर घेणं आणि आतल्या रुळांवर बसलेली मळाची कडी नखाने खरवडणं आठवत असेल. कॅमेऱ्याने तो उद्योग संपवला. आज मध्यम किमतीच्या माउसमध्येही कॅमेरा इतका चांगला येतो की त्यावरून निवड करायचं कारण उरलेलं नाही. निवड आकारावरून करायची असते, आणि आकार खोक्यावर छापता येत नाही.

म्हणून ती म्हणाली, "हातात घेऊन बघू?" दुकानदाराने नाइलाजाने डिस्प्लेचे नग काचेवर मांडले. त्यांतले निम्मे तिने बोटही न लावता बाजूला सारले. त्या माउसांना खोलगट अंग डावीकडे, उतार उजवीकडे, पाठ किंचित कललेली. उजवा तळवा त्यात असा बसतो की साचा घेतल्यासारखा, आणि डावा हात ठेवला की अंगठ्याला चढ आणि करंगळीला खड्डा. "लेफ्टी?" दुकानदाराने विचारलं. मग आवाज खाली आणून, "लेफ्टी अलग नहीं आता. ये लो, ये दोनों हाथ में चलेगा." आणि एक पांढरा, दोन्ही बाजूंनी सारखा, अगदी हलका माउस पुढे केला.

मी तिचा हात बघत होतो. माउस डावीकडून उजवीकडून आरशातल्यासारखा सारखाच होता. पण डाव्या कडेला दोन लांबट बटणं, आणि उजवी कडा नितळ. उजव्या हाताचा अंगठा त्या बटणांवर आपोआप येतो. तिच्या डाव्या हाताचा अंगठा मात्र गुळगुळीत प्लॅस्टिकवर नुसता फिरत राहिला, त्याला काही सापडेना. आणि ती दोन बटणं गेली अनामिका-करंगळीच्या वाट्याला, ज्यांचं काम माउस धरून ठेवणं. बटण दाबायला करंगळी वळवली की पकड सुटे, पकड घट्ट केली की बटण दाबलं जाई. दोन्ही हातांत चालेल म्हणजे काय, तर डाव्या हाताने चालवून घ्यावं.

हे असं का, याचं मूळ फार जुनं. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबर्टने पहिल्यांदा जाहीरपणे माउस चालवून दाखवला तेव्हाच कामाची वाटणी ठरलेली होती: मध्ये कीबोर्ड, उजव्या हाताखाली माउस आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक लहान यंत्र, पेटीवर सूर धरावेत तशा त्या पट्ट्या एकदम दाबून अक्षरं उमटवायचं. ते यंत्र मागे पडलं, वाटणी राहिली. पुढे खेळांनी ती पक्की केली. बरेच जण आधी बाणांच्या बटणांवर चालायचे, आणि ती कीबोर्डच्या उजव्या टोकाला असतात. मग क्वेक या खेळाच्या दिवसांत डेनिस फाँग नावाचा पोरगा डाव्या बाजूच्या डब्ल्यू-ए-एस-डी या बटणांवर बोटं ठेवून सगळ्यांना हरवत सुटला. 1997 साली एका स्पर्धेत त्याने खेळाच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची लाल फेरारी जिंकली. फेरारी जिंकणाऱ्याची बोटं कुठे असतात हे लोक बघणारच. तेव्हापासून डावा हात चालण्यासाठी आणि उजवा नेमासाठी, हे खेळ तयार करणाऱ्यांनीही गृहीत धरलं. भाचीचा उजवा हात आय-जे-के-एल वर असतो. प्रत्येक नवा खेळ घेतला की पहिली अर्धी संध्याकाळ बटणं बदलण्यात जाते.

तरीही मधली काही वर्षं डावखुऱ्यांना बरी होती. मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउस ऑप्टिकलला दोन्ही अंगांना एकेक बटण होतं. रेझर कंपनीने 2020 मध्ये डाव्या हातासाठी वेगळा 'नागा' काढला, अंगठ्याखाली बारा बटणांचा. (ही कंपनी आपल्या उंदरांना सापांची नावं देते, वायपर, डेथॲडर, नागा, यामागचा विनोद त्यांना कळतो की नाही कोण जाणे.) लॉजिटेकच्या 2018 च्या जी प्रो वायरलेसला दोन्ही बाजूंना बटणं होती आणि नको ती काढून ठेवता यायची. 2019 च्या रेझर वायपरलाही दोन्ही बाजूंना बटणं होती.

मग सगळ्यांना वजन कमी करायचं वेड लागलं. हलका माउस झटकन थांबतो, तासन्‌तास खेळून मनगट दुखत नाही, हे खरंच आहे. कुणी पाठीला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली, ज्यांतून आपल्याकडे चिवड्याचा चुरा आत जातो. इतरांनी आतलं काय काढता येईल ते पाहिलं. जी प्रो 80 ग्रॅमचा होता. 2020 चा त्याचा सुपरलाइट अवतार 63 ग्रॅमच्या आत आला आणि त्याची उजव्या बाजूची बटणं गेली. वायपरची बिनवायरी आवृत्ती 74 ग्रॅमची होती. 2022 मध्ये ती 58 वर आली आणि तिचीही उजवी बटणं गेली. सगळं वजन त्या दोन बटणांचं नव्हतं हे मला कळतं. डाव्या हाताचा वेगळा सांगाडा म्हणजे वेगळे साचे, वेगळं सर्किट, आणि दहातल्या एका गिऱ्हाइकासाठी तो खर्च, हेही कळतं. पण कात्री कुठे लागायची हे ठरवताना टेबलाभोवती सगळे उजवेच बसले असणार, असं मला त्या काउंटरपाशी फार वाटलं, आणि मी ते मोठ्याने बोललोसुद्धा.

दुकानदाराने पोऱ्याला माळ्यावर चढवलं. धूळ झटकत एक जुना नग खाली आला, दोन्ही अंगांना बटणं असलेला. मला आनंद झाला. "हाच घे," मी म्हणालो. तिने तो धरला, काचेवर दोन-चार वेळा सरकवला, उचलून पुन्हा ठेवला. मग पांढरा धरला. मग पुन्हा जुना. तिची पकड पंजा रोवल्यासारखी, तळव्याचा मागचा भागच तेवढा टेकलेला आणि बोटं वाकडी. जुन्याची पाठ तिला उंच होत होती आणि वजन अंमळ जास्त.

"पांढरा."

"अगं, पण बटणं?"

"अनामिकेला शिकवीन. नेम चुकला तर बटणं काय कामाची, मामा?"

अन्यायाची सगळी कैफियत माझी होती. तिला फक्त जिंकायचं होतं. थोडी घासाघीस झाली, बिलावर वॉरंटीचा शिक्का मारून घेतला, आणि स्टेशनवर वडापाव खाताना तिने खोकं फोडून माउसच्या बुडाच्या गुळगुळीत पट्ट्या मला दाखवल्या. त्या टेफ्लॉनच्या असतात, आजीच्या डोशाच्या तव्यावर असतं तेच.

आता त्या दोन बटणांपैकी एक तिने टीमशी बोलायच्या माइकला जोडलं आहे. दाबलं की माइक सुरू, सोडलं की बंद. अटीतटीची फेरी आली की बोटं आवळली जातात, अनामिका बटणावर बसते आणि स्वयंपाकघरातली हाक मुंबईच्या सर्व्हरमार्गे चार अनोळखी खेळाडूंच्या कानात जाते. परवा मी तिच्या मागेच उभा होतो. "पानं वाढलीत गं, आमटी गार होतेय!" असं आजी ओरडली आणि हेडफोनमधून कुणाचा तरी गंभीर आवाज आला, "दादी को बोल दो मिनट. एक ही बंदा बचा है."